‘अर्थ तर एकच आहे ना?’

पत्र:
मी एका कंपनीत अंतर्गत संपर्काचं काम करते. परिपत्रकं, घोषणा, वरिष्ठांची पत्रं, सगळं माझ्या हातून जातं. लवकरच एक विभाग बंद होणार आहे आणि तिथल्या लोकांच्या नोकऱ्या जाणार आहेत. परिपत्रकात मात्र ‘मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण’ आणि ‘काही सहकारी नव्या संधींकडे वळतील’ असं लिहायला मला सांगितलंय. मी हरकत घेतली तेव्हा साहेब म्हणाले, ‘अर्थ तर एकच आहे ना? फक्त कमी टोचतो.’
घरी वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची सगळी सेवा माझा मोठा भाऊ करतो. पण कुणी भेटायला आलं की दादा बाबांच्या समोरच सांगतो, ‘आता यांना काही कळत नाही. लहान मूल झालंय.’ परवा मी सगळ्यांदेखत त्याला टोकलं. तो म्हणाला, ‘तू शब्दांचा कीस पाड, मी त्यांचे कपडे बदलतो.’ तेव्हापासून आम्ही धड बोललेलो नाही. शब्दांच्या मागे लागून मी माणसांना दुखावतेय का?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमचे साहेब आणि तुमचा दादा वरवर एकच गोष्ट सांगताहेत: परिस्थिती बदलणार नसेल तर शब्दांवरून वाद कशाला? पण त्या दोघांना एकच उत्तर देऊन चालणार नाही. ऑफिसमध्ये तुमचं बरोबर आहे आणि तिथे तुम्ही हटू नये असं मला मनापासून वाटतं. घरी शब्दाबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण ते चारचौघांत बोलायला नको होतं. आणि घरच्या बाबतीत तुमच्या पत्रातलाच एक शब्द मला खटकलाय. त्याकडे नंतर येते.

आधी ‘अर्थ तर एकच आहे’ या वाक्याकडे बघू. ते इतकं समंजस वाटतं की पुढे कुणी काही विचारत नाही. 1941 साली अमेरिकेत डोनाल्ड रग नावाच्या अभ्यासकाने लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांबद्दलच्या दोन प्रश्नांची तुलना प्रसिद्ध केली. काही लोकांना विचारलं होतं, अशा भाषणांना परवानगी द्यावी का? इतरांना विचारलं होतं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? परवानगी नाकारणं आणि बंदी घालणं, व्यवहारात फरक शून्य. तरीही पहिल्या प्रश्नावर 62 टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले आणि दुसऱ्यावर 46 टक्केच ‘बंदी घालावी’ म्हणाले. ‘बंदी’ म्हटलं की आपण कुणाचं तरी तोंड बंद करतोय हे जाणवतं. परवानगी नाकारताना ते तितकंसं जाणवत नाही. कृती तीच होती, पण तिची जबाबदारी आपल्यावर किती येते हे शब्दानं ठरवलं. तुमच्या साहेबांचा तसा हेतू असेल असं मी म्हणत नाही. पण ते परिपत्रक गेलं, तर घडेल ते हेच.

आता त्यातली दोन वाक्यं नीट वाचा. ‘मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण’ यात माणूसच नाही. बळ आहे, सूत्र आहे. कुणी निर्णय घेतला आणि कुणाची नोकरी गेली, ते नाही. दुसरं वाक्य तर त्याहून वाईट आहे. ‘काही सहकारी नव्या संधींकडे वळतील.’ या वाक्याचा कर्ता कोण? ज्यांना काढलं जातंय तेच! ते जणू आपणहून वळले. संपूर्ण परिपत्रकात हालचाल करणारं कुणी असेल, तर ती ज्यांच्यावर निर्णय लादला गेला तीच माणसं. निर्णय घेणारे कुठल्याच वाक्यात नाहीत. याला मी सौम्य भाषा म्हणणार नाही. इथे कर्ता बदलला आहे, आणि कर्ता बदलला की दोष कुणाचा हेही वाचणाऱ्याच्या मनात बदलतं.

हा माझा नुसता अंदाज नाही. 2010 साली केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी लोकांना एका रेस्टॉरंटमध्ये लागलेल्या आगीचा वृत्तांत वाचायला दिला. एका मजकुरात तिथे जेवायला आलेल्या एका बाईंनी मेणबत्ती पाडली असं लिहिलं होतं, दुसऱ्यात मेणबत्ती पडली असं. घटना, नुकसान, माणसं सगळं तेच. पहिला मजकूर वाचणाऱ्यांनी बाईंना जास्त दोष दिला आणि त्यांच्याकडून जास्त भरपाई मागितली. पुढे त्यांनी एका गाजलेल्या प्रसंगाची चित्रफीत दाखवून हेच तपासलं, तर डोळ्यांनी पाहिल्यानंतरही वर्णनातल्या क्रियापदाचा परिणाम टिकला. मराठीत तर ही सोय फार जुनी आहे. ‘कप फुटला’, ‘राहून गेलं’, ‘नजरचुकीने झालं’, ‘हात लागला’. घरात अशी वाक्यं चालतात, कपाचं कुणी मनावर घेत नाही. पण ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी, उपचार किंवा शिक्षा आहे, त्याने ‘झालं’ म्हणायला सुरुवात केली की मी सावध होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2001 साली आपल्या पानांवरून इंग्रजीतला अपघातवाचक शब्द वगळायचं ठरवलं, तेही याच कारणाने. बहुतेक इजा टाळता येण्यासारख्या असतात, आणि तो शब्द वाचला की त्या टळल्याच नसत्या असं वाटतं.

‘कमी टोचतो’ हे तुमच्या साहेबांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. फक्त विचारते, कुणाला? लिहिणाऱ्याला कमी टोचतो. ज्यांच्या नोकऱ्या शाबूत आहेत त्यांनाही कमी टोचतो. पण ज्याचं नाव यादीत आहे त्याला तेच वाक्य तीनदा वाचावं लागतं, मग शेजारच्या टेबलावर विचारावं लागतं, ‘यात मी आहे का?’ त्याचं दुःख कमी झालं नाही. त्यात शोधाशोध तेवढी वाढली.

वाईट बातमी सांगण्याचा सर्वांत जास्त विचार वैद्यकात झाला आहे. कर्करोगाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी वॉल्टर बेली आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. स्पाइक्स या नावाने ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. त्यात सांगितलंय की तांत्रिक शब्द टाळा. रोग ‘पसरला आहे’ असं सरळ म्हणा. आणि त्याच दमात हेही सांगितलंय की अंगावर फेकल्यासारखं बोलू नका. आधी समोरच्याला किती माहिती आहे ते विचारा, थोडं थोडं सांगा, तो कोसळला तर थांबा. म्हणजे हळुवारपणा सांगण्याच्या रीतीत आहे, बातमी मात्र उघड शब्दांतच आहे. तुमच्या कंपनीला दयाळू व्हायचं असेल तर तिथे भरपूर वाव आहे: परिपत्रक निघायच्या आधी प्रत्येकाशी समक्ष बोलणं, पुरेशी मुदत, वेळेवर देणी. तो दयाळूपणा एका शब्दाच्या अंगावर ढकलून मोकळं होता येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर मसुदा असा केला असता:

‘आम्ही अमुक विभाग अमुक तारखेपासून बंद करत आहोत. त्यामुळे इतक्या जणांची नोकरी जाईल. खर्च कमी करण्यासाठी संचालक मंडळाने हा निर्णय घेतला आहे. त्या सहकाऱ्यांच्या कामाबद्दल आमची काहीही तक्रार नाही. प्रत्येकाशी त्यांचे व्यवस्थापक अमुक तारखेच्या आत समक्ष बोलतील. देणी, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि पुढची मदत यांसाठी अमुक व्यक्तीला विचारा.’

तक्रार नसल्याचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. ‘दुर्दैवाने’ हा शब्द घालू नका; ठरवून केलेल्या गोष्टीला दैव चिकटवणं बरं नव्हे. आणि ‘निर्णय घ्यावा लागला’ यातलं ‘लागला’ काढा, ‘घेतला’ लिहा. एवढ्याशा क्रियापदात एक न बोललेला दावा असतो, की दुसरा मार्गच नव्हता. तसा तो खरोखर नव्हता, तर कारणं द्या. एका ‘लागला’ने ते सिद्ध होत नाही.

साहेबांकडे हा मसुदा नेताना तत्त्वाची भाषा करू नका. विचारा, ‘त्या विभागातले कुणीतरी इथे समोर बसलेत असं धरा. तुम्ही नव्या संधींकडे वळताय, हे वाक्य तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणाल का?’ ज्याच्याबद्दल शब्द वापरला त्याच्या डोळ्यांत बघून तो उच्चारता येतो का, हीच कसोटी मी धरते, आणि बहुतेक लपवाछपवीचे शब्द तिथेच अडखळतात. सोबत व्यवहाराचं कारणही द्या. धूसर परिपत्रक गेलं की त्या दिवसापासून अफवा सुरू होतात, आणि ज्यांची नोकरी जाणार नाही तेही अर्ज पाठवायला लागतात. तरीही ते ऐकणार नसतील तर निदान आकडा, तारीख आणि कुणाशी बोलायचं एवढं परिपत्रकात राहीलच असा आग्रह धरा. ‘सुसूत्रीकरण’ वर राहिलं तरी खाली आकडा असेल तर वाचणाऱ्याला सत्य सापडतं. यापुढे जाऊन नोकरी पणाला लावा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो निर्णय तुमच्या घरची परिस्थिती बघून तुम्हीच घ्यायचा.

एका गोष्टीची जाणीव मात्र तुम्हाला दिली पाहिजे, कारण आपण बरोबर आहोत हे कळल्यावर माणूस तिथेच थांबतो. सरळ शब्द निवडला म्हणजे तो तटस्थ झाला असं नाही. 1982 साली बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार हा प्रश्न लोकांपुढे ठेवला. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेत शंभरातले 90 वाचतात. काहींना सांगितलं, शंभरातले 10 दगावतात. दोन्ही विधानं खरी, दोन्ही सरळ. पहिल्या गटात 18 टक्क्यांनी किरणोपचार निवडले, दुसऱ्यात 44 टक्क्यांनी. डॉक्टरांच्या उत्तरांतही फरक पडला. म्हणून जिथे समोरच्याला निर्णय घ्यायचा असतो तिथे दोन्ही बाजूंनी सांगावं: इतके वाचतात, इतके दगावतात. तुमच्या परिपत्रकात ‘बहुसंख्य सहकाऱ्यांच्या नोकऱ्या सुरक्षित आहेत’ हे वाक्य उद्या कुणीतरी सुचवेल. तेही खरं असेल. त्याच्या शेजारी गेलेल्या नोकऱ्यांचा आकडा असल्याशिवाय ते जाऊ देऊ नका.

आता घरचं.

‘यांना काही कळत नाही’ हे वाक्य तुम्हाला लागलं ते अपमानकारक आहे म्हणून. माझी हरकत त्याच्याही आधीची आहे: ते चुकीचं आहे. स्मृतिभ्रंशात सगळं एकदम जात नाही. 2014 साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते फारसं सांगता येईना, पण मनावरचं दुःख किंवा आनंद तसाच रेंगाळत होता. म्हणजे पाहुण्यांसमोर काय बोललं गेलं ते बाबा संध्याकाळपर्यंत विसरतीलही. पण ते ऐकताना जे वाटलं ते मागे राहू शकतं, आणि मग ते अस्वस्थ का आहेत हे त्यांनाही सांगता येणार नाही आणि दादालाही कळणार नाही.

‘लहान मूल झालंय’ याचाही परिणाम शब्दापुरता राहत नाही. मूल म्हटलं की आवाज लाडिक होतो, ‘चला, आपण आता शर्ट घालूया हं’ असं बोलणं सुरू होतं. अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स यांनी 2009 साली स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेची चित्रमुद्रणं तपासली. शुश्रूषा करणारे असं बाळबोलीत बोलले की वृद्ध जास्त विरोध करत, हात झटकत, अंग चोरत. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की विरोध कमी. हे दादाला नक्की सांगा, पण चूक दाखवायला म्हणून नको. त्याचं रोजचं काम यानं थोडं सोपं होऊ शकतं, म्हणून सांगा.

रोगाचं नाव बदलल्यानं काय होतं याचं एक उदाहरण जपानमध्ये आहे. तिथे स्किझोफ्रेनियाला जे नाव होतं त्याचा अर्थ ‘दुभंगलेल्या मनाचा रोग’ असा व्हायचा. ते नाव इतकं भीतिदायक होतं की डॉक्टर रुग्णाला निदान सांगायलाच कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने 1993 साली नाव बदलण्याची मागणी केली आणि 2002 साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदललं. त्यानंतर काही वर्षांतच आपलं निदान कळलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवरून सुमारे 70 टक्क्यांवर गेलं. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण यात कुणाला नुसतं बरं वाटलं असं नाही. ज्याचा आजार त्यालाच तो माहीत झाला. 2004 साली जपान सरकारने स्मृतिभ्रंशाचं नावही बदललं, कारण जुन्या नावात मूर्खपणाची छटा होती.

पण नव्या नावावर फार विसंबूही नका. इंग्रजीतली ‘मोरॉन’ ही शिवी 1910 साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने बौद्धिक वाढ कमी असलेल्या माणसांच्या वर्गीकरणाचा शास्त्रीय शब्द म्हणून घडवली होती. त्या माणसांना मिळणारी वागणूक बदलली नाही आणि शब्द त्या वागणुकीच्या वासाने नासला. त्यानंतर जो शब्द आला तोही नासला, आणि 2010 साली अमेरिकेला कायदा करून तो सरकारी कागदांतून काढावा लागला. म्हणून दादानं उद्यापासून अगदी आदरानं बोलायचं ठरवलं आणि बाबांच्या आयुष्यात बाकी काहीच बदललं नाही, तर त्या आदराचंही असंच होईल.

इथे मी तुमच्या शब्दाकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘सगळी सेवा माझा मोठा भाऊ करतो.’ तुम्ही कौतुकाने लिहिलंय हे मला समजतं. पण साहेबांच्या ‘सुसूत्रीकरणा’त जशी माणसं दिसत नाहीत, तसं ‘सेवा’ या शब्दात काम दिसत नाही. रात्री तीनदा उठणं, ओल्या चादरी, औषधाच्या वेळा, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकणं, स्वतःचं बाहेर जाणं रद्द करणं, यातलं काहीही त्या शब्दात नाही. सेवा माणूस आपणहून करतो, ती वाटून घ्या असं कुणी म्हणत नाही, आणि तिचा कंटाळा आला असं सेवा करणाऱ्यालाही म्हणता येत नाही. म्हणजे हा शब्द तुम्हालाही सोयीचा आहे. ‘मी त्यांचे कपडे बदलतो’ असं दादा म्हणाला तेव्हा त्याने तुमच्या शब्दाच्या जागी खरं क्रियापद ठेवलं. मला ते उत्तर उर्मट वाटलं नाही. त्या घरात काय चाललंय याचं तुमच्या पत्रातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच आहे.

आणि तो ‘काही कळत नाही’ असं का म्हणतो, याचाही विचार करा. आलेला माणूस बाबांना विचारतो, ‘ओळखलंत का मला?’ बाबा गोंधळतात, सगळे गप्प होतात. तो अवघड क्षण संपवायला दादाला एक वाक्य लागतं, आणि त्याच्याजवळ हेच आहे. तुम्ही त्याचं वाक्य काढून घेतलंत, दुसरं दिलं नाहीत. दुसरं असं असू शकेल: ‘बाबांना नावं आठवत नाहीत, पण कुणी आलं की बरं वाटतं. तुमचं नाव सांगून बोला त्यांच्याशी.’ यात लपवाछपवी नाही, पाहुण्याला काय करायचं ते कळतं, आणि बाबांच्या समोर उच्चारायला यातलं एकही अक्षर जड जात नाही.

पण हे वाक्य घेऊन लगेच त्याच्याकडे जाऊ नका. आधी एकट्याने भेटा. सगळ्यांदेखत टोकल्याबद्दल माफी मागा, आणि त्या माफीला ‘पण’ जोडू नका. मग विचारा की आठवड्यातली कोणती कामं आणि कोणत्या रात्री तुम्ही घ्यायच्या, आणि त्या ठरवूनच उठा. तुम्ही लांब राहत असाल तर पैशाने कोणती मदत उभी करता येईल ते बोला, तेही ‘बघू’ न म्हणता. पहिल्या काही रात्री तुम्ही स्वतः काढल्यात की ते वाक्य सुचवा. तोवर ‘ओळखलंत का मला?’ असं कुणी बाबांना विचारलं, आणि तुम्ही तिथे असाल, तर दादाच्या आधी तुम्हीच उत्तर द्या.